हातातल्या जीपीएसवर सागरी चार्ट: चुकतंय ते यंत्र की नकाशा?

खारावारा:

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं कायाक आणि एका छोट्या शिडाच्या होडीतून किनारा धरून फिरतोय. आतापर्यंत कागदी चार्ट आणि होकायंत्रावर भागत होतं. यंदा पहिल्यांदा हातात धरायचं जीपीएस घेतलं. दोन एए सेलवर चालतं, पाण्यात पडलं तर तरंगतं, आत सागरी चार्टचं कार्ड आहे.

दोन गोष्टींनी गोंधळलोय. पहिली, मागच्या फेरीचा ट्रॅक, म्हणजे यंत्राने नोंदवलेली वाट, घरी येऊन पाहिला तर तो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या एका खडकावरून सरळ गेलेला दिसतो. त्या वेळी पाणी बरंच खाली होतं, खडक मला डोळ्यांनी दिसत होता आणि मी त्याच्यापासून चांगला लांब होतो. दुसरी, धक्क्याला होडी बांधून यंत्र सुरू केलं की ते मला जमिनीवर दाखवतं, पाण्यापासून निदान ५० मीटर आत.

यंत्र चुकतंय की चार्ट? मला तो खडक रात्री किंवा धुक्यात चुकवायचा झाला तर विश्वास कशावर ठेवायचा? शिवाय बाहेर झूम केल्यावर अर्ध्या खुणा गायब होतात, तेही नीटसं कळलेलं नाही. सविस्तर सांगाल तर बरं होईल.

सुकाणू:

प्रश्न अगदी योग्य जागी विचारलात. यंत्र घेतल्यावर पहिल्याच महिन्यात हा प्रश्न पडला, हे चांगलं झालं.

यंत्राची बाजू आधी. मोकळ्या आकाशाखाली, भोवती डोंगर-इमारती नसताना, हातातलं साधं जीपीएस साधारण ५ ते १० मीटरच्या आत जागा सांगतं. पूर्वी असं नव्हतं. नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली. तोपर्यंत १०० मीटरपर्यंतची चूक नेहमीची होती. त्यामुळे समुद्रावर, जिथे आकाश पूर्ण उघडं असतं, तिथे ५० मीटरची चूक यंत्राने केली असेल असं मला वाटत नाही.

आता चार्ट. पडद्यावरचा चार्ट रंगीत आणि गुळगुळीत दिसतो म्हणून तो नवा वाटतो. त्याखालची मोजणी मात्र बऱ्याचदा जुनी असते. उपग्रह येण्याआधी मोजणी करणारे लोक किनाऱ्यावरच्या खुणांमधले कोन सेक्स्टंटने मोजून आपल्या बोटीची जागा ठरवत, आणि खोली शिशाचं वजन बांधलेल्या दोरीने घेत. त्या पद्धतीत खडक ४०-५० मीटर इकडेतिकडे बसला तर ती चूकही मानली जात नसे, कारण १:५०,००० प्रमाणाच्या चार्टवर १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ५० मीटर. पेन्सिलीचं टोकच तेवढं जाड. वापरणाऱ्यालाही स्वतःची जागा त्याहून नेमकी कळत नव्हती, म्हणून तो खडकाला मोठा वळसा घालायचा आणि सगळं निभावून जायचं. आज आपल्याला आपली जागा ५ मीटरमध्ये कळते, खडकाची जागा अजून ५० मीटरमध्येच कळते, आणि पडदा दोन्ही सारख्याच बारीक रेषेने काढतो.

पण एवढ्यावर निकाल लावू नका. आधी तीन गोष्टी सांगा: सेटिंगमध्ये मॅप डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) काय आहे, अक्षांश-रेखांशांचं स्वरूप काय आहे, आणि ट्रॅक बघताना झूम किती होता?

नकाशावेल्हाळ:

सुकाणूंशी शंभर टक्के सहमत. माझं काम नकाशांचं आहे, म्हणून थोडी भर.

अधिकृत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये प्रत्येक भागाला मोजणीच्या दर्जाची एक श्रेणी दिलेली असते. तिला झोन ऑफ कॉन्फिडन्स म्हणतात. ए१ म्हणजे सर्वोत्तम: जागेत ±५ मीटर, आणि खोलीत अर्धा मीटर अधिक खोलीच्या १ टक्का इतकी चूक गृहीत. ए२ ला जागेत ±२० मीटर, बी ला ±५० मीटर. सी ला एकदम ±५०० मीटर! खोलीतही २ मीटर अधिक ५ टक्के. डी म्हणजे त्याहून वाईट, आणि यू म्हणजे दर्जा ठरवलेलाच नाही.

हे आकडे मी मुद्दाम लिहितोय. सी श्रेणीच्या भागातला खडक अर्धा किलोमीटर बाजूला असू शकतो हे त्या चार्टनेच कबूल केलेलं असतं. हातातल्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर ही कबुली बहुतेक वेळा दिसत नाही, कारण तेवढी जागाच नसते. म्हणून घरी संगणकावर ओपनसीपीएनसारख्या मोफत प्रोग्राममध्ये त्याच भागाचा अधिकृत चार्ट उघडा आणि श्रेणी पाहून घ्या. कागदी चार्ट असेल तर त्याच्या कोपऱ्यात एक छोटी आकृती असते, कुठला भाग कुठल्या वर्षी आणि किती बारकाईने मोजला ते सांगणारी. बहुतेक जण तिच्याकडे बघतही नाहीत. मी चार्ट हातात घेतला की आधी तीच वाचतो.

खडक किती चुकू शकतो याचं टोकाचं उदाहरण २०१३ चं. त्या जानेवारीत अमेरिकन नौदलाचं 'गार्डियन' हे जहाज फिलिपिन्समधल्या तुब्बताहा प्रवाळखडकावर चढलं. जहाजावरच्या डिजिटल चार्टमध्ये तो खडक खऱ्या जागेपासून सुमारे ८ सागरी मैल बाजूला दाखवलेला होता. नौदलाच्या जहाजाच्या बाबतीत असं होऊ शकतं, तर आपल्या कार्डावरच्या खडकाकडेही त्याच नजरेने पाहायला हवं.

खारावारा:

दोघांचे मनापासून आभार. श्रेणीबद्दल तर पहिल्यांदाच ऐकलं.

सुकाणू, उत्तरं देतो. डेटम डब्ल्यूजीएस ८४ आहे. स्वरूप अंश-मिनिट-सेकंद ठेवलंय, मला तेच वाचायला सोपं वाटतं. झूम २० मीटरवर होता.

एक सांगायचं राहिलं. काही वेपॉइंट, म्हणजे यंत्रात साठवायच्या जागा, मी जुन्या कागदी चार्टवरून मोजून हाताने टाकलेत आणि काही एका छापील मार्गदर्शिकेतून घेतलेत. त्यातले दोन तर चक्क जमिनीवर पडलेत. हा निराळा प्रश्न आहे का?

सुकाणू:

निराळाच आहे, आणि तो आधी सोडवा, कारण तो पूर्णपणे आपल्या हातातला आहे.

मार्गदर्शिकेत ०५.३० असं छापलंय का? समुद्रावर प्रघात आहे तो अंश आणि दशांश मिनिटांचा. तिथे ०५.३० म्हणजे ५ पूर्णांक ३० शतांश मिनिटं. तुम्ही ते ५ मिनिटं ३० सेकंद म्हणून टाकलं असेल तर हिशोब असा: ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, आणि ०.३० मिनिट म्हणजे १८ सेकंद. फरक ०.२ मिनिटाचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे तुमचा वेपॉइंट तब्बल ३७० मीटर सरकला. त्यामुळे यंत्र अंश-दशांश मिनिटांवर ठेवा आणि पुन्हा कधी बदलू नका. तीन दशांश स्थळं दिसली की शेवटचा आकडा सुमारे १.८ मीटरचा असतो, तेवढी बारकाई भरपूर झाली.

जुन्या कागदी चार्टचं दुखणं डेटमचं असेल. चार्टच्या शीर्षकाखाली तो कुठल्या डेटमवर काढलाय ते छापलेलं असतं. डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार आणि अक्षांश-रेखांशांची सुरुवात कुठे धरली त्याचं गृहीतक. पूर्वी प्रत्येक देशाने आपापलं धरलं होतं. त्यामुळे तीच जागा दोन डेटममध्ये वेगळ्या आकड्यांनी लिहिली जाते. जपानच्या जुन्या टोकियो डेटमचं उदाहरण घ्या, तिथे जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ शी फरक ४०० मीटरहून जास्त पडतो. जुन्या चार्टवर कधीकधी टीप असते, उपग्रहावरून मिळालेली जागा इतकी मिनिटं उत्तरेला आणि इतकी पूर्वेला सरकवून मांडा, अशी. ती शोधा.

आणि कृपा करून यंत्राचा डेटम जुन्या चार्टशी जुळवायला बदलू नका. मग काम झाल्यावर परत आणायचं राहतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही यंत्रावर वाचून सांगितलेल्या जागेवर भरवसा ठेवून कुणी मदतीला निघालं तर ते भलत्याच ठिकाणी पोचतं.

उधाण:

मला एक समजत नाही, एवढं सगळं करण्यापेक्षा फोन का नाही वापरत? पडदा मोठा, चार्ट वर्षभर आपोआप अद्ययावत होत राहतो, झूम बोटांनी. मी तीन वर्षं फोनवरच्या चार्ट अॅपवर फिरतोय. फोनमधलं जीपीएस मोबाईल नेटवर्क नसतानाही चालतं, फक्त चार्ट आधी उतरवून ठेवायचा. विमान मोडमध्ये ठेवला तर बॅटरीही बऱ्यापैकी टिकते.

दीपगृह:

उधाण, चार्ट वाचायला फोन उत्तमच आहे, माझ्याकडेही आहे. पण माझा अनुभव सांगते.

लांब पल्ल्याच्या एका फेरीत पाऊस सुरू झाला. फोन पारदर्शक पिशवीत होता. पिशवीवर पाण्याचे थेंब पडायला लागले की पडदा त्यांनाच बोटं समजतो. चार्ट आपोआप झूम होऊ लागला, एक वेपॉइंट पुसला गेला, आणि माझी बोटं गारठलेली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तोच फोन त्याच पिशवीत डेकवर ठेवला होता, तो तापून बंद पडला होता. दोन्ही वेळा हातातल्या यंत्राची बटणं निमूटपणे काम करत होती. बटण दाबलं की बोटाला कळतं, बघावं लागत नाही. हातमोजे घालूनही दाबता येतं. कडक उन्हात फोनचा पडदा उजेड वाढवून वाढवून बॅटरी खातो, आणि या यंत्रांचा पडदा उन्हातच जास्त स्पष्ट दिसतो. सेल संपले तर दुसरे दोन घालायचे.

पाणी न शिरण्याच्या दर्जाबद्दलही एक. आयपीएक्स७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आणि तेही सेलचं झाकण आणि त्याची रबरी कडी स्वच्छ असेल तर. वाळूचा एक कण पुरतो. मी दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुते, आणि कार्डाची खाच कोरडी झाल्याशिवाय झाकण लावत नाही.

तेव्हा ठरवायला फोन, चालवायला हातातलं यंत्र. आणि दोन्हींच्या खाली कागद, कारण दोन्ही एकाच उपग्रहांवर अवलंबून आहेत.

उधाण:

थेंबांचं मान्य. माझ्याकडे पाऊस कमी झेलला जातो, केबिन आहे. कायाकसाठी तुमचं म्हणणं पटलं.

सुकाणू:

खारावारांचा झूमचा प्रश्न मागे पडला. माझ्या मते या सगळ्या धाग्यात सर्वात धोकादायक गोष्ट तीच आहे, म्हणून सावकाश लिहितो.

व्हेक्टर चार्ट म्हणजे एक चित्र नव्हे, खुणांची यादी असते. कुठली खूण कुठल्या झूमला काढायची ते यंत्र ठरवतं. बाहेर गेलात की पडदा गिचमीड होऊ नये म्हणून ते खुणा गाळतं. गाळताना खडकही गळतो.

२९ नोव्हेंबर २०१४ ला जगप्रदक्षिणेच्या व्होल्वो ओशन रेसमधली 'वेस्टास विंड' ही बोट हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येला, कार्गाडोस काराहोस या प्रवाळांच्या रांगेवर रात्री पूर्ण वेगाने आदळली. सगळे वाचले. जगातले कसलेले खलाशी होते ते, आणि त्यांच्याकडची साधनं आपल्यापेक्षा कितीतरी वरची. पण मार्ग ठरवताना त्यांनी चार्ट बाहेर झूम केलेला पाहिला होता. त्या पातळीवर तिथे कमीत कमी ४० मीटर खोली दिसत होती. आत झूम केलं असतं तर प्रवाळ दिसला असता.

आता हेच आपल्या पडद्याला लावा. हातातल्या जुन्या प्रकारच्या यंत्रांचा पडदा २.६ इंचाचा, १६० बाय २४० ठिपक्यांचा असतो. पडद्याच्या रुंदीत ८ किलोमीटर बसवलेत तर एक ठिपका ५० मीटरचा झाला. तुमचा खडक त्या ठिपक्याहून लहान असेल. तो दाखवायचा झाला तरी दिसणार कसा?

म्हणून मार्ग आखल्यावर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत आत झूम करून, बाणाच्या बटणाने सरकवत सरकवत पाहायचा. कंटाळवाणं आहे, १० मैलांच्या मार्गाला अर्धा तास जातो. मी तो अर्धा तास आदल्या रात्री देतो, आणि नकाशाच्या सेटिंगमध्ये तपशील 'मोस्ट'वर ठेवून देतो, जुनं यंत्र जरा हळू चाललं तरी.

उलट्या बाजूची चूक म्हणजे अति झूम. तुम्ही २० मीटरवर ट्रॅक पाहिलात. चार्ट त्या प्रमाणासाठी काढलेलाच नाही, यंत्र फक्त जुनी रेघ ताणून मोठी करतंय. बरीच यंत्रं अशा वेळी पडद्यावर 'ओव्हरझूम' असा शब्द दाखवतात. तो दिसला की तिथून पुढची बारकाई खोटी समजायची.

पाणकावळा:

वाचतोय, फार कामाचा धागा. एक साधा प्रश्न. माझ्या यंत्रात कार्ड घातलं तरी समुद्र नुसता निळा दिसतो, खोलीचे आकडेच नाहीत. कार्ड खराब आहे का?

नकाशावेल्हाळ:

बहुतेक नाही. यंत्रात दुसरा एखादा नकाशा, म्हणजे डोंगरवाटांचा किंवा रस्त्यांचा, सुरू असेल. तो सागरी चार्टच्या वर काढला जातो आणि त्याला झाकतो. नकाशाच्या सेटिंगमध्ये जाऊन चार्ट सोडून बाकी सगळे बंद करा. गार्मिनच्या यंत्रात प्रोफाइल बदलता येते, एक समुद्रासाठी आणि एक चालण्यासाठी बनवून ठेवा, म्हणजे दर वेळी हे करावं लागणार नाही. मरीन सेटिंगमध्ये ठरावीक जागांच्या खोलीचे आकडे दाखवायचे की नाही तेही वेगळं असतं, तेही तपासा.

आणि संगणकाला कार्ड जोडल्यावर 'फॉरमॅट करू का' असं विचारलं तर नाही म्हणा. विकतचे चार्ट त्या कार्डाला किंवा त्या यंत्राला कुलूपबंद असतात, दुसऱ्या कार्डावर नुसती फाइल उतरवून चालत नाहीत.

पाणकावळा:

आकडे दिसले! रस्त्यांचा नकाशा सुरू होता. धन्यवाद. पण आता दिसताहेत ते आकडे कशात आहेत? एका ठिकाणी ३ आहे, तिथे माझी काठी तळाला लागत नाही.

दीपगृह:

एकक पाहा आधी. मीटर, फूट आणि फॅदम असे तीन पर्याय असतात. फॅदम म्हणजे आपली वाव, दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी, ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. ३ वाव असेल तर साडेपाच मीटर झाले, काठी कशी लागेल! उलटं झालं असतं तर घात झाला असता, म्हणून एकक ताबडतोब मीटरवर आणा.

एकक बरोबर असलं तरी चार्टवरची खोली ही आत्ताची खोली नसते. ती चार्ट डेटम नावाच्या शून्य पातळीपासून मोजलेली असते (वरचा मॅप डेटम तो निराळा). बऱ्याच देशांत ती पातळी म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी खाली जाऊन जाऊन जिथवर जाऊ शकतं ती. अमेरिकेत दररोजच्या दोन ओहोट्यांपैकी जास्त खालच्या ओहोटीची सरासरी धरतात, त्यामुळे तिथे पाणी चार्टपेक्षा खालीही जातं. आत्ताची खोली हवी तर चार्टचा आकडा अधिक त्या वेळची भरतीची उंची.

अधोरेखित आकडा निराळा. खडकावर १.४ लिहून खाली रेघ असेल तर तो डेटमच्या वर १.४ मीटर उघडा पडतो. भरती २.६ मीटर असेल त्या वेळी त्याच्यावर १.२ मीटर पाणी असतं. कायाक सहज जाते, खालचा पंख सोडलेली शिडाची होडी अडकते.

मधल्या तासांसाठी मी बाराव्या हिश्शाचा ठोकताळा वापरते. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरायचे, पाणी चढतं ते १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी. एकूण चढ ३ मीटर असेल तर पहिल्या तासात पाव मीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाऊण-पाऊण मीटर. जिथे दिवसात एकच भरती येते किंवा खाडीच्या तोंडाशी पाणी तुंबतं तिथे हा ठोकताळा चालत नाही. हवेचा दाबही पाहा, दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की पाणी जवळपास १ सेंटिमीटर बसतं. उधाणाच्या दिवशी ओहोटी आधीच खोल जाते, त्यात दाब जास्त असेल तर चार्टवर पाणी असलेल्या जागीही तळ दिसतो.

नकाशावेल्हाळ:

भरतीच्या तक्त्यावरून आठवलं. जुनी यंत्रं वापरणाऱ्यांनी तारीख तपासा. जीपीएस आठवडे मोजतं आणि मूळ संकेतात १०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि मग ६ एप्रिल २०१९ ला झालं. काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळपास २० वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर सांगतात, पण यंत्रातला भरती-ओहोटीचा तक्ता त्या चुकीच्या तारखेचा निघतो. वर दिलेला सगळा हिशोब मग चुकीच्या दिवसाचा होतो. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, अद्ययावत करून पाहा, नाहीतर तक्ता छापील वापरा.

उधाण:

हे महत्त्वाचं आहे. माझ्या केबिनमध्ये पडून असलेलं जुनं यंत्र आत्ता सुरू करून पाहिलं, वर्ष चुकीचं दाखवतंय. आजवर मी ते आणीबाणीसाठी राखीव म्हणून धरत होतो. तक्ता छापून डब्यात ठेवतोय.

खारावारा:

किती शिकायला मिळतंय! मार्गदर्शिकेतले वेपॉइंट दशांश मिनिटांनी पुन्हा टाकले, दोन्ही पाण्यात आले. सुकाणूंचा हिशोब अचूक निघाला.

आता धुक्याचं विचारतो. मार्गावर एक बोया (पाण्यात बांधलेली तरंगती खूण) आहे, त्याच्यावरच वेपॉइंट टाकलाय. यंत्राकडे बघत बघत त्याच्यापर्यंत जायचं, बरोबर?

दीपगृह:

बोयावर वेपॉइंट नको. आजचं यंत्र तुम्हाला इतकं नेमकं नेतं की धुक्यात तुम्ही खरोखर बोयावर जाऊन आदळाल. त्यातून बाकीच्यांनीही तोच बोया निवडलेला असतो, समोरून येणारी बोटही त्याच रेषेवर असते. वेपॉइंट बोयाच्या बाजूला, सुरक्षित पाण्याच्या अंगाला, १०० मीटरवर ठेवा. बोया दिसला तर खात्री झाली, नाही दिसला तर थांबून विचार करायचा.

आणि नकाशाच्या पानाकडे बघत चालवू नका. लहान पडदा, हलती होडी, मान खाली, दहा मिनिटांत मळमळायला लागतं आणि समोरचं दिसत नाही. मी आकड्यांचं पान लावते. त्यावर चारच गोष्टी: वेपॉइंटची दिशा, आपण प्रत्यक्ष सरकतोय ती दिशा, अंतर आणि वेग. वेपॉइंटची दिशा ०४०° आणि आपण सरकतोय ०५५° वर, तर प्रवाह उजवीकडे ढकलतोय. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे घ्यायची, दोन्ही आकडे जुळेपर्यंत. नाळ कुठेही रोखलेली असू दे, आकडे जुळले की होडी सरळ रेषेत जाते. मग होकायंत्रावर काय वाचलं जातंय ते पाहून घ्यायचं आणि डोळे वर ठेवून तेच धरायचं, पाच मिनिटांनी पुन्हा यंत्र. होकायंत्राशी तुलना करायची तर यंत्राची उत्तर दिशा चुंबकीय ठेवलेली हवी, एवढं मात्र आधी पाहा.

अगदी हळू चालताना, अर्ध्या नॉटवर वगैरे, सरकण्याची दिशा इकडेतिकडे उड्या मारते. तेव्हा तिच्यामागे नाळ फिरवत बसू नका. थोडा वेग घेतला की ती स्थिर होते.

सुकाणू:

दीपगृह, उत्तम लिहिलंत. मी स्वतः बोयावरचे वेपॉइंट खूप उशिरा काढले.

एक भर: उपग्रहांचं पान अधूनमधून उघडायचं. १९९५ च्या जूनमध्ये 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नॅन्टुकेट बेटाजवळ वाळूवर चढलं. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली होती. यंत्र गप्पपणे अंदाजाने जागा दाखवत राहिलं, पडद्यावर दोन बारीक अक्षरं तेवढी बदलली. ३४ तास कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि जहाज १७ मैल सरकलेलं होतं. हातातल्या यंत्रात याचाच भाऊबंद म्हणजे डेमो मोड, त्यात यंत्र उपग्रहांशिवाय नकली जागा दाखवतं. घरात बसून मार्ग आखताना तो सुरू केला जातो आणि तसाच राहतो. पाण्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न यंत्राला हाच विचारायचा, उपग्रह दिसताहेत ना.

खारावारा:

पुन्हा आलोय, सांगण्यासारखं आहे.

काल उधाणाची ओहोटी होती, समुद्र शांत. आधी धक्क्याच्या टोकावर उभा राहून जागेची सरासरी घेतली, १० मिनिटं. यंत्रात ती सोय आहे हेही मला माहीत नव्हतं. चार्टवरचं धक्क्याचं टोक त्या जागेपासून ५५ मीटर ईशान्येला आहे. मग खडकाकडे गेलो. तो पूर्ण उघडा होता. त्याच्या उंच टोकाला कायाक लावून पुन्हा सरासरी घेतली. चार्टवरचा खडक तिथून ६० मीटरच्या आसपास ईशान्येलाच आहे. संगणकावर श्रेणी पाहिली, तो सगळा पट्टा सी आहे.

म्हणजे या खाडीचा अख्खा चार्टच एका बाजूला सरकलेला आहे. यंत्रात नकाशा सरकवायची सोय असेल तर तेवढं सरकवून टाकू का?

सुकाणू:

मोजणी छान केलीत. लोक वर्षानुवर्षं त्याच पाण्यात फिरतात, पण अशी मोजणी करायला जात नाहीत.

पण सरकवू नका. तुम्ही दोनच जागा तपासल्यात, त्याही शेजारच्या. खाडीबाहेरचा भाग दुसऱ्या कुणी, दुसऱ्या वर्षी मोजलेला असेल. तिथे चूक नसेल, किंवा उलट्या दिशेला असेल. इथलं दुरुस्त करताना तिथलं बिघडवाल. खडकाच्या खऱ्या जागी स्वतःचा वेपॉइंट ठेवा आणि त्याला जवळ येण्याचा इशारा लावा, १५० मीटरचा. खाडीत शिरताना दोन ठळक खुणा एका रेषेत धरून शिरायची सवय लावा. मागची (लांबची) खूण पुढच्या खुणेच्या डावीकडे सरकली की आपणही रेषेच्या डावीकडे गेलो, उजवीकडे सरकली की उजवीकडे. ती रेषा कुठल्याच डेटमवर अवलंबून नसते.

नकाशावेल्हाळ:

आणि हे मोजमाप स्वतःजवळ ठेवू नका. सागरी चार्ट काढणारी जलमापन कार्यालयं वापरणाऱ्यांकडून अशा नोंदी घेतात, त्यासाठी ठरावीक फॉर्म असतो. छोट्या होडीतल्या माणसाची नोंदही चालते, कारण मोठी मोजणीबोट इतक्या उथळ पाण्यात येत नाही.

नोंदीत अक्षांश-रेखांश दशांश मिनिटांत, तीन स्थळांपर्यंत. डेटम डब्ल्यूजीएस ८४ असं स्पष्ट लिहा. यंत्राचं मॉडेल, सरासरी किती मिनिटं घेतली, किती उपग्रह दिसत होते, तारीख आणि वेळ. खडकाचं टोक पाण्याच्या किती वर होतं आणि त्या क्षणी भरतीची उंची किती होती, दोन्ही. कुठल्या चार्टशी तुलना केली त्याचा क्रमांक आणि आवृत्ती. शक्य असेल तर खडकाचा फोटो, मागे किनाऱ्यावरची एखादी ओळखू येणारी खूण धरून.

खारावारा:

फोटो आहे, मागे दीपगृह आलंय. टोक पाण्यावर किती होतं ते वल्ह्याने अंदाजे मोजलं होतं, तेवढं पुरणार नाही असं वाटतं. पुढचं उधाण पंधरा दिवसांनी आहे, तेव्हा मोजपट्टी घेऊन जातो आणि मग फॉर्म भरतो.